'गुलिस्तान': कुर्दी लढवय्या बायका, समोर कॅमेरा, आणि लढाई चौकटीबाहेर

पाणवठा (धागाकर्ती)

झायने अकयोल यांचा 'गुलिस्तान' (२०१६) हा माहितीपट नुकताच पाहिला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कुर्दांना स्वतःचा देश नाही. १९२० च्या सेव्ह्रच्या तहात तशी शक्यता निदान कागदावर होती, १९२३ च्या लोझानच्या तहात तीही गेली. आज ते मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत वाटले गेले आहेत. पीकेके म्हणजे कुर्दिस्तान कामगार पक्ष. अब्दुल्ला ओजलान आणि साथीदारांनी तो १९७८ मध्ये तुर्कस्तानात काढला आणि १९८४ मध्ये शस्त्र उचललं. त्या लढ्यात दोन्ही बाजू मिळून साधारण चाळीस हजार माणसं मेली. २०१४ मध्ये आयसिसने मोसूल घेतलं, मग सिंजारच्या यझिदी या अल्पसंख्य समाजावर चाल केली, तेव्हा हीच मंडळी डोंगर उतरून आयसिससमोर उभी राहिली.

अकयोल जन्माने तुर्कस्तानातल्या कुर्दी, वाढल्या कॅनडात. लहानपणी माँट्रियलमध्ये त्यांना सांभाळणारी, थोरल्या बहिणीसारखी असलेली गुलिस्तान नावाची मुलगी एक दिवस पीकेकेत गेली आणि २००० साली मारली गेली. तिचा माग काढावा म्हणून या निघाल्या, आणि चित्रपट झाला तो आज जिवंत असलेल्या बायकांचा.

सुमारे दीड तासाच्या या चित्रपटात इराकच्या कुर्दी भागातल्या डोंगरांत राहणारी बायकांची एक तुकडी आहे. बंदुका खोलतात, पुसतात, पुन्हा जोडतात. झाडाखाली बसून शिकवणी चालते. केस धुतात, एकमेकींचे विंचरतात. आयसिसची चेष्टा करतात, की बाईच्या हातून मेलं तर म्हणे यांना स्वर्ग मिळत नाही! सोझदार नावाची एक जण थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे खरं तर त्यामागे बसलेल्या अकयोलकडे बघून बोलते. हळूहळू तुकडी आघाडीकडे सरकते. आणि लढाई? ती जवळपास दिसतच नाही.

माझ्या मते चित्रपटाचा खरा कणखरपणा इथे आहे. आठवा, २०१४ मध्ये या बायकांचं काय चाललं होतं. सीरियातल्या कोबानी शहराच्या लढाईवरून 'कोबानीची परी' म्हणून एका मुलीचा फोटो जगभर फिरला, तिने एकटीने शंभर आयसिसवाले मारले अशी लोणकढी थाप त्याला चिकटवून. एच अँड एमने त्यांच्या गणवेशासारखा दिसणारा खाकी जंपसूट विकायला काढला आणि ओरड झाल्यावर माफी मागितली. अशा काळात कॅमेरा घेऊन तिथे जायचं आणि धडाड-धुडूम न दाखवता वाट बघणाऱ्या बायका दाखवायच्या, याला हिंमत लागते.

पण आमच्या गटात पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांनी 'हा तर प्रचारपट' म्हणून हात झटकले. तुम्हाला काय वाटतं?


सडेतोड

ताई, लिहिलंय छान, पण मी हात झटकणाऱ्यांतला.

लढाई दाखवली नाही याला तुम्ही हिंमत म्हणता. मी म्हणतो, सोय. लढाई दाखवली की मरणारा दाखवावा लागतो, आणि पीकेकेच्या गोळीने मरणारा दरवेळी दाढीवाला आयसिसवालाच असतो असं नाही. २० जून १९८७, पिनारजिक नावाचं गाव. सरकारच्या ग्रामरक्षक दलात गेलेल्यांची घरं म्हणून पीकेकेने हल्ला केला. तीस माणसं मारली, त्यात सोळा मुलं. सगळीच कुर्दी. खेड्यापाड्यांत नेमलेले शाळामास्तर 'सरकारचे हस्तक' म्हणून मारले, एकदोन नाही, शेकड्याच्या घरात. मार्च २०१६ मध्ये, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी, अंकाऱ्याच्या किझिलाय चौकात बसस्टॉपशेजारी गाडीत बॉम्ब फुटला, पस्तीसहून जास्त बळी. जबाबदारी घेतली ती पीकेकेतून फुटलेल्या टाक या गटाने. फुटला म्हणजे किती फुटला, हा वेगळा वाद.

यातलं काय आहे चित्रपटात? केस विंचरणं.

आणि दुसरा मुद्दा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो कॅमेरा तिथे पोचला कुणाच्या परवानगीने? पीकेकेत प्रेमसंबंध आणि लग्न यांना बंदी आहे. 'तेकमिल' नावाची बैठक होते, तिथे प्रत्येकाने सगळ्यांसमोर स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या चुका मांडायच्या. अशा ठिकाणी एखादी पोरगी कॅमेऱ्यासमोर 'मला कंटाळा आलाय, घरी जायचंय' म्हणेल? तिने म्हटलंच तर ते तुमच्यापर्यंत पोचेल? तुम्ही ज्याला जिव्हाळ्याची मुलाखत म्हणताय, ती शिस्तीतली हजेरी आहे.


टवाळ

बाईच्या हातात बंदूक आली की ती 'सबला', लाटणं आलं की 'बिचारी'. मधलं काही दाखवणारा चित्रपट असेल तर कळवा.


पाणवठा

@टवाळ, मधलंच आहे हो यात, म्हणून तर धागा काढला.

@सडेतोड, पिनारजिक या चित्रपटात नाही, मान्य. पण नव्वदच्या दशकात तुर्की लष्कराने रिकामी केलेल्या, जाळलेल्या गावांची जंत्रीही त्यात नाही, आणि तीही तीन हजारांच्या आसपास जाते. प्रचारच करायचा तर हा हुकमी पत्ता कोणी हातात धरून बसेल का? माहितीपट म्हणजे न्यायालयाचं निकालपत्र नव्हे की दोन्ही पक्षांचं म्हणणं नोंदवलंच पाहिजे.

परवानगीचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. सोझदार पक्षाचीच भाषा बोलते. स्वातंत्र्य, शहीद, नेतृत्व, सगळं साच्यातलं. पण अकयोल तिला मध्येच कापत नाहीत. वाक्य संपतं, कॅमेरा चालूच असतो, आणि मग ती काहीतरी बारीकसं बोलते, हसते, नजर खाली करते. पाठ केलेलं कुठे संपलं आणि स्वतःचं कुठे सुरू झालं, हे बघणाऱ्याला तिथे कळतं. वृत्तवाहिनीवाला नेमकं तेवढंच कापून टाकतो.


नकाशेवाला

दोघेही 'कुर्द' म्हणजे एकच फळी असल्यासारखं बोलताय, म्हणून जरा नकाशा पसरतो.

इराकी कुर्दिस्तानात पेशमर्गा, म्हणजे तिथले कुर्दी सैनिक आहेत. ते बरझानींच्या केडीपीचे आणि तालबानींच्या पीयूकेचे, आणि हे दोन पक्ष १९९४ पासून चार वर्षं एकमेकांशीच लढले. १९९६ मध्ये तर केडीपीने एर्बिल परत घ्यायला चक्क सद्दामच्या फौजा बोलावल्या. त्याच सद्दामच्या राजवटीने आठ वर्षांपूर्वी, १६ मार्च १९८८ ला, हलब्जात विषारी वायूने पाचेक हजार कुर्द मारले होते. सीरियात वायपीजी ही कुर्दी लढाऊ संघटना आणि त्यांची बायकांची वायपीजे. विचाराने त्या ओजलानच्या, पण वेगळ्या नावाने. आणि डोंगरात पीकेके.

'गुलिस्तान'मधल्या बायका पीकेकेच्या. या संघटनेत टोपणनावं घेतात, बऱ्याचदा मेलेल्या साथीदारांची. 'बेरीतान' हे नाव घेणाऱ्या अनेक जणी सापडतील. मूळ बेरीतान १९९२ च्या ऑक्टोबरात कड्यावरून उडी मारून मेली, शरण जायचं नाही म्हणून. शरण कुणाला? तुर्की फौजेला नाही, समोर पेशमर्गा होते. म्हणजे कुर्दी बायकांची सर्वांत मोठी वीरगाथा कुर्दांशी लढतानाची आहे. हे माहीत नसेल तर त्या तुकडीतलं निम्मं संभाषण डोक्यावरून जातं, आणि चित्रपट ते समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. माझी तक्रार ही आहे. प्रचार वगैरे मोठे शब्द राहू द्या. हा चित्रपट आळशी आहे. बाहेरच्या प्रेक्षकाला तो फक्त चेहरे देतो.

पेशमर्गांची बाजू बघायची तर बर्नार-आन्री लेव्हीचा २०१६ चा चित्रपट आहे, हजार किलोमीटरच्या आघाडीवरून फिरलेला. त्यात उलटा रोग. दिग्दर्शकाचाच आवाज संपता संपत नाही.


माजी_फौजी

चित्रपट पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात उठणार होतो, मग बसलो.

एक गोष्ट यांनी बरोबर पकडली आहे. शिपायाचा बहुतेक काळ वाट बघण्यात जातो. शस्त्र साफ करणं हे काम तर आहेच, पण हाताला चाळा आणि डोक्याला लगामही आहे. त्या बायका ज्या सवयीने, खाली न बघता सुटे भाग हाताळतात, ते अभिनय करून जमत नाही. खरं प्रशिक्षण झालेलं आहे, शंका नको.

आता जे पटलं नाही ते. दारूगोळा कुठून येतो? रेशन कोण आणतं? जखमीला खाली कसं नेतात? हुकूम कोण देतं? यातलं काही दिसत नाही, त्यामुळे ही तुकडी हवेत तरंगत असल्यासारखी वाटते. कोबानीचंच घ्या. सप्टेंबर २०१४ च्या मध्यात वेढा पडला, जानेवारी २०१५ च्या अखेरीस उठला. लोकांना आठवतात फक्त वेणीवाल्या मुली. पण वरून अमेरिकी विमानं होती, ऑक्टोबरात शस्त्रं हवेतून टाकली गेली, तुर्कस्तानातून वाट काढून दीडेकशे पेशमर्गा तोफा घेऊन आले. आणि हेही तितकंच खरं की जमिनीवर पाय रोवून कोणी उभं नसतं, तर विमानं नुसती घिरट्या घालून परत गेली असती. दोन्ही मिळून ती लढाई आहे. सीरियातल्या त्या पूर्ण मोहिमेत कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या एसडीएफ या लढाऊ आघाडीची अकरा हजारांच्या आसपास माणसं गेली. या आकड्यापुढे मी प्रचार-प्रचार खेळत बसणार नाही.

@सडेतोड, 'बंदी असलेली संघटना' हे पालुपद लावण्याआधी एक ऐका. २०१७ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांचे प्रमुख जनरल रेमंड थॉमस यांनी भर व्यासपीठावर सांगितलं, की आम्हीच वायपीजीवाल्यांना नाव बदला म्हणालो होतो, आणि त्यांनी 'सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस', म्हणजे हीच एसडीएफ, असं नाव घेतलं. सभागृहात हशा पिकला. दहशतवादी कोण आणि मित्र कोण, हे असं ठरतं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ट्रम्प यांनी सीमेवरचे सैनिक मागे घेतले आणि तुर्की फौज आत आली. तेव्हा हसणारे कुठे होते?


सडेतोड

फौजीकाका, आदर आहेच. पण अमेरिका दुटप्पी आहे म्हणून पीकेके धुतल्या तांदळासारखी होत नाही. आयसिसशी लढले म्हणून आधीचं सगळं माफ, हा हिशोब मला जमत नाही.

आणि तुमच्याच आवडत्या वायपीजीबद्दल: २०१५ मध्ये अॅम्नेस्टीने अहवाल काढला होता की यांनी अरब वस्त्यांची घरं पाडली, लोकांना हुसकावलं. अठराखालच्या पोरापोरींना भरती केल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांनी इतकं धारेवर धरलं की २०१९ मध्ये एसडीएफचे मझलूम अब्दी जिनिव्हाला जाऊन 'यापुढे मुलं घेणार नाही' अशा करारावर सही करून आले. सही करावी लागली म्हणजे घेत होते. त्या डोंगरात केस विंचरणाऱ्यांपैकी कोण किती वर्षांची असताना आली, हे दिग्दर्शिकेने विचारायला नको?


बर्लिनकर

मी बर्लिनच्या क्रॉयझबर्ग भागात राहतो. कुर्दी आणि तुर्की दोन्ही बाजू एकाच जिन्यात भेटतात, त्यामुळे थोडं.

जर्मनीत पीकेकेवर १९९३ पासून बंदी आहे. मोर्च्यात ओजलानचं चित्र असलेला झेंडा दिसला की पोलीस अडवतात. आणि याच जर्मन सरकारने २०१४ मध्ये पेशमर्गांना मिलान रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं आणि रायफली पाठवल्या. एका डोंगरातल्या कुर्दाला बंदूक, दुसऱ्याला बंदी. मी ज्या दुकानातून भाजी आणतो तिथे गल्ल्यामागच्या भिंतीवर एका मुलीचा फोटो आहे, खाकी कपडे, मागे हिरवा पडदा, फोटोला प्लास्टिकची फुलं. मालकाची पुतणी. बोलता बोलता एकदा म्हणाला की ती गेल्याचं त्यांना संघटनेच्या वाहिनीवरून कळलं. फोटो स्टुडिओत काढल्यासारखा दिसतो, कारण तिथे जाणाऱ्या प्रत्येकीचा असा एक फोटो आधीच काढून ठेवतात.

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या तुर्की सहकारिणीचा मामेभाऊ सक्तीच्या लष्करी सेवेवर तुर्कस्तानातल्या हक्कारीत असताना सुरुंगाने गेला. वय वीस. तिला मी या चित्रपटाचं नाव सांगितलं, तर तिने शांतपणे विचारलं, 'आमच्या पोराचे केस कुणी विंचरले ते दाखवलंय का?'

मी तेव्हाही गप्प बसलो, इथेही माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्यांच्याकडे आहे ते जरा फारच चटकन देतायत असं वाटतं.


वैनगंगा

हा वाद मला ओळखीचा वाटतो. गडचिरोलीत माझी बरीच वर्षं नोकरी झाली. नक्षलवाद्यांच्या दलममध्ये गेलेल्या मुली त्याच वयाच्या, तसेच डोंगर, तीच शहिदांची भाषा. बाहेरून लोक यायचे, जंगलात चार दिवस राहायचे, सुंदर लिहून जायचे. खबऱ्या ठरवून ज्या गावात पोलीस पाटलाला मारलं, त्या गावात राहायला कोणी यायचं नाही. तिथे चित्र चांगलं मिळत नाही ना.

सडेतोड यांच्याशी बाकी मतभेद असतील, पण परवानगीच्या मुद्द्यावर मी शंभर टक्के त्यांच्या बाजूला.


नकाशेवाला

वैनगंगा, तुमच्या अनुभवाबद्दल बोलणार नाही, तुम्ही तिथे होतात. पण तुलना एका जागी अडते. तुर्कस्तानात १९८३ च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने कुर्दी भाषेवरच बंदी होती, ती १९९१ पर्यंत. त्याच वर्षी लेयला झाना संसदेत निवडून आल्या. तुर्कीतून शपथ घेऊन शेवटी एक वाक्य कुर्दीतून म्हणाल्या, की तुर्की आणि कुर्दी जनतेच्या बंधुत्वासाठी ही शपथ घेते. सभागृहात गोंधळ. १९९४ मध्ये त्यांना अटक झाली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली, दहा वर्षं आत काढून २००४ मध्ये सुटल्या. मतपेटीतून आलेल्या बाईचं हे झालं. मग डोंगरात जाणाऱ्या बाईला 'निवडणूक का लढवली नाहीस' हे विचारताना जरा जीभ अडखळायला हवी.


वैनगंगा

जीभ अडखळते हो. पण मेलेल्या शाळामास्तराला कायद्याचा क्रमांक सांगून काय उपयोग? तोही अनेकदा कुठल्यातरी गरीब गावातून पहिल्या नेमणुकीवर आलेला पोरगाच असायचा.


जुना_मिफकर

चर्चा 'पीकेके चांगली की वाईट' इकडे घसरली आहे. ती इथे सुटणार नाही, अंकाऱ्यातही सुटलेली नाही. चित्रपटाकडे येऊ.

सडेतोड यांना वाटतं, लढवय्यांबरोबर राहून केलेला चित्रपट म्हणजे सोपं काम. मग 'बाकुर'चं काय झालं ते ऐका. चायान देमिरेल आणि एर्तुरुल मावीओलू यांचा २०१५ चा माहितीपट. पीकेकेच्या छावण्यांतलंच रोजचं आयुष्य, पण तुर्कस्तानच्या हद्दीत, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या शांतता प्रक्रियेच्या काळात चित्रित केलेलं. सरकार स्वतः ओजलानशी बोलत होतं तेव्हाचं. एप्रिल २०१५ मध्ये इस्तंबूल महोत्सवात दाखवायचा होता. प्रयोगाला काही तास उरले असताना संस्कृती मंत्रालयाचं पत्र आलं: चित्रपटाकडे नोंदणी प्रमाणपत्र नाही, दाखवू नका. हे प्रमाणपत्र फक्त तुर्की चित्रपटांना लागतं, परदेशी चित्रपटांना नाही. वीसहून अधिक दिग्दर्शकांनी आपापले चित्रपट मागे घेतले, स्पर्धा आणि समारोप रद्द झाले. पुढे 'बाकुर' बातमान शहरात दाखवला म्हणून खटला भरला आणि जुलै २०१९ मध्ये दोन्ही दिग्दर्शकांना दहशतवादाच्या प्रचाराबद्दल प्रत्येकी साडेचार वर्षांची शिक्षा सुनावली. देमिरेल यांचं हृदय महोत्सवाच्या आदल्याच महिन्यात बंद पडलं होतं. वैद्यकीय अहवालात ९९ टक्के अपंगत्व. त्या माणसाला साडेचार वर्षं.

मुंबईकरांना प्रमाणपत्राची ही युक्ती ओळखीची वाटेल. २००३ मध्ये मिफने, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने, असाच नियम काढला होता. सेन्सॉरचं प्रमाणपत्र फक्त भारतीय चित्रपटांना सक्तीचं, परदेशी मोकळे. माहितीपटवाले एकवटले, नियम मागे घ्यावा लागला. मग निवडीतच बरेच चित्रपट गाळले गेले, तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये मिफच्या शेजारीच 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला. आम्ही कार्यकर्ते खुर्च्या लावत होतो.

म्हणून 'हा प्रचारपट' हा शिक्का मारताना मला धास्ती वाटते. मारणारा प्रेक्षक असेल तर ठीक. पण शिक्का तोच, आणि तो मग न्यायाधीशाच्या टेबलावर जातो.


सडेतोड

मिफकर, बंदी घाला असं मी कुठे म्हटलं? देमिरेल यांना शिक्षा म्हणजे लाज आहे, लिहून देतो. पण सरकारने छळलं म्हणून चित्रपट चांगला ठरत नाही. मी तिकीट काढून बघेन आणि बाहेर येऊन 'एकतर्फी' म्हणेन. एवढा हक्क प्रेक्षकाला आहे ना?


मीरा_द

सडेतोड यांचा परवानगीचा प्रश्न सगळे घासून गुळगुळीत करतायत, पण त्याला अजून एक धार आहे. परवानगी संघटनेची होती का, याच्याइतकंच विचारायला हवं की समोरच्या बाईची होती का?

'सबाया' (२०२१) पाहिलाय का कोणी? होगिर हिरोरी हे स्वीडनमधले कुर्दी दिग्दर्शक. आयसिसने गुलाम केलेल्या यझिदी स्त्रियांना सीरियातल्या अल-होल छावणीतून शोधून बाहेर काढणाऱ्या माणसांबरोबर ते फिरले. रात्री गाडी, मागे पाठलाग, अंगावर काटा येतो. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मग न्यूयॉर्क टाइम्सने त्यातल्या काही स्त्रियांना गाठलं, तर त्या म्हणाल्या की आम्ही चित्रपटात दिसायला संमती दिलीच नव्हती. पुढच्या वर्षी एका स्वीडिश मासिकाने खणून काढलं आणि हिरोरींना मान्य करावं लागलं की एका महत्त्वाच्या सुटकेच्या वेळी ते हजरच नव्हते, चित्रपटात मात्र असल्यासारखं दाखवलं.

आता बघा. 'सबाया'ची बाजू निर्विवाद आहे. यझिदींना वाचवणं चूक असं कोण म्हणेल? आणि तरी चित्रपट फसवा निघाला. 'गुलिस्तान'ची बाजू वादग्रस्त आहे, पण अकयोल समोर बसून उघडपणे विचारतात, बाई उघडपणे उत्तर देते, नको ते गाळते. कोण कुणाला काय सांगतंय हे लपवलेलं नाही. एकतर्फी असणं आणि खोटं असणं या दोन गोष्टींची आपण इथे खिचडी करतोय.


चौकस

वाचनमात्र होतो, एक भर घालतो. आयसिसचा तो काळ आपल्यापासून दूर नव्हता. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण तिकडे गेले होते. त्याच जूनमध्ये मोसूलला ३९ भारतीय मजुरांना मारलं, सरकारने ते जाहीर केलं मार्च २०१८ मध्ये. आणि जुलैत तिक्रितला अडकलेल्या ४६ केरळी परिचारिका सुटल्या त्या एर्बिलच्या विमानतळावरून, म्हणजे कुर्दांच्या ताब्यातल्या शहरातून. त्यांचं विमान मुंबईत उतरून कोचीला गेलं. एवढं सगळं होऊन 'कुर्द म्हणजे कोण' हे मला या धाग्यावर कळतंय.


टवाळ

चौकस, अजून नाही कळलं. नकाशेवाल्यांनी इराणचे कुर्द राखून ठेवलेत.


पाणवठा

@मीरा_द, एकतर्फी आणि खोटं यांतला फरक, हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते.

@वैनगंगा, ज्या गावात कोणी राहायला आलं नाही, त्या गावाचा चित्रपट हवाच. पण तो झाला नाही याचा दोष या चित्रपटावर कसा? एका चित्रपटाने दुसऱ्याची जागा अडवलेली नसते.

@नकाशेवाला, आळशी हा शब्द मात्र पटत नाही. बेरीतानची गोष्ट पडद्यावर पाटी लावून सांगितली असती, तर मी ती वाचली असती आणि चेहरा बघायचा राहिला असता.

आणखी एक. ११ जुलै २०२५ ला इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानियाजवळ पीकेकेच्या तीस जणांनी आपल्या बंदुका एका मोठ्या कढईत टाकून पेटवल्या, पुढे बेसे होजात ही बाई होती. संघटना विसर्जित केल्याचं दोन महिने आधीच जाहीर झालं होतं. त्यामुळे 'गुलिस्तान' आता वेगळा दिसतो. त्या बायका ज्या शस्त्रांना इतक्या निगुतीने पुसताना दिसतात, ती पुढे कोणाच्या हाती राहणार हेच ठरायचं आहे.


सडेतोड

ती कढईसुद्धा बोलावलेल्या पाहुण्यांसमोरच पेटवली ना? कॅमेऱ्याशिवाय यांचं काही होत नाही, माझा मुद्दा तोच. आणि पेटवणारे तीस, उरलेल्यांच्या बंदुका अजून खांद्यावर.


माजी_फौजी

तीस तर तीस. शस्त्र खाली ठेवणाऱ्याला टोमणा मारू नये. उचलणं सोपं असतं.


मीरा_द

@सडेतोड, तुम्ही अकयोल यांचा पुढचा चित्रपट बघा, 'रोजेक' (२०२२). कॅनडाने ऑस्करला पाठवला होता. सीरियात कुर्दांच्या तुरुंगात असलेले आयसिसचे कैदी आणि त्यांच्या बायका. पुन्हा तसंच जवळून चेहरा, तेच न कापता ऐकून घेणं. म्हणजे ही बाई फक्त 'आपल्यां'समोर मऊ होते असं नाही.


सडेतोड

वा, म्हणजे सोझदारला जी माया, तीच तिच्या शत्रूलाही? मग त्या मायेला अर्थ काय राहिला? आणि तुरुंगातल्या माणसाची मुलाखत त्याला कोंडणाऱ्याच्या परवानगीने. माझा प्रश्न इथे तर दुप्पट होतो.


मीरा_द

दुप्पट होतोच. फरक एवढा की तिथे भिंती दिसतात, कैद्याचे कपडे दिसतात, त्यामुळे तो प्रश्न प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला पडतो. 'गुलिस्तान'मध्ये मागे डोंगर आहेत आणि आकाश मोकळं आहे, म्हणून तो उशिरा पडतो. बघून या, मग भांडू.


सडेतोड

बघतो. इंग्रजी सबटायटल आहेत ना? आणि 'बाकुर' कुठे मिळेल ते मिफकरांनी सांगावं, तोही बघायचाय.